काळ्या कागदापुढचा जेलीफिश

फॉर्मॅलिनचा उग्र वास आला की साठ सालाच्या आसपासची, बंगळुरातल्या बसवनगुडीतली ती दुपार आठवते. आम्हा तिघी बहिणींतल्या धाकटीला पाहायला पाहुणे येणार होते, आणि नवऱ्याने टाकलेली थोरली त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आईने मला सांगितले, "अक्काला घेऊन जा तुझ्या कॉलेजात." प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या थंड, ओलसर उजेडात मी तिच्यापुढे फॉर्मॅलिनमधल्या जेलीफिशची बरणी ठेवली. "यात नुसतं पाणीच आहे की गं," ती हसली. मी बरणीमागे काळा कागद धरला, तशी झालरीची तलम छत्री पाण्यात उमटली. "समुद्रात हा असा पारदर्शक असतो, म्हणून शत्रूला दिसत नाही," मी म्हणाले. अक्काने कागद हळूच बाजूला सारला. "राहू दे स्वल्प, थोडा वेळ तसंच. वाचतोय बिचारा." संध्याकाळी परतलो तेव्हा आई दारातच आनंदाने म्हणाली, "ठरलं! मुली किती, विचारलं त्यांनी. दोनच म्हणून सांगितलं." अक्का कानडीत "सरी", म्हणजे "बरं", म्हणाली आणि पदर खोचून पाहुण्यांच्या उष्ट्या कपबश्या घासायला बसली. लग्नातही ती मागच्या खोलीतच राहिली. आज ती नाही. घरात तिचे एकही छायाचित्र नाही, आणि तिचा चेहरा मलाही आता नीट आठवत नाही.