ग्राहकाच्या खुर्चीत बाबा

मी लंडनजवळ वॉटफर्डला राहते आणि नोकरी करणाऱ्या लोकांना सॉफ्टवेअरचं शिक्षण देते. माझे विद्यार्थी कॉलेजातली मुलं नसतात. कुणी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कुणी बँकेत, कुणी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काम करत असतं, आणि आठवड्यातली एक दुपार त्यांना अभ्यासासाठी मोकळी मिळते. वर्ग सगळा ऑनलाइन. मी वरच्या खोलीत टेबलाशी बसते, समोर स्क्रीनवर काळे चौकोन असतात. कॅमेरे बहुतेकांचे बंद.

नवीन सिस्टिम बांधण्याआधी ती वापरणाऱ्याला नेमकं काय हवंय हे शोधून काढायचं, हा माझा विषय. सरावासाठी आमच्याकडे एक कृत्रिम ग्राहक आहे, कॉम्प्युटरनंच चालवलेली. एका दवाखान्याची मॅनेजर असल्यासारखी ती बोलते. विद्यार्थ्यांनी प्रश्न टाइप करायचा, ती उत्तर देणार. न कंटाळता, मुद्देसूद, आणि काल सांगितलेलं आज न बदलता.

एका बुधवारी कौन्सिलमध्ये काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, "ही बाई फार गोड आहे हो. आमच्याकडे असं कुणी नाही. आमचे लोक आधी एक सांगतात, आणि ते बांधून दाखवलं की म्हणतात, असं कुठं म्हटलं होतं आम्ही?"

सगळे हसले. मीही हसले, पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. खरा माणूस आणायचा तर कुणाला?

माझे सासरे तेव्हा नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी इथल्याच हॉस्पिटलांमध्ये केली. सासूबाई गेल्या आणि त्यांना एकटं ठेवणं आम्हाला बरं वाटेना. इथे त्यांचं कशाबद्दलच काही म्हणणं नसायचं. वाढलेलं जेवायचे, पार्कात चक्कर मारून यायचे, मग खिडकीशी बसायचे. विचारलं तेवढंच बोलायचे.

एकदा चहाच्या वेळी मी म्हटलं, "बाबा, माझ्या वर्गात ग्राहक व्हाल का?"

"काय विकत घ्यायचंय?"

"काहीच नाही. कॉम्प्युटरवर काहीतरी करून हवंय, एवढं सांगायचं. बाकी ते विचारतील."

"पण मला काही नकोय."

"मग तसं सांगा. बघू या काय करतात ते."

त्यांना जरा गंमत वाटलेली दिसली. पुढच्या बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, टाय लावून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"मला गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप हवंय," त्यांनी खणखणीत इंग्रजीत सांगितलं. मनाशी ठरवून आले होते.

विद्यार्थी तुटून पडले. गोळ्या कधी कधी घेता? घंटी वाजायला हवी की फोन थरथरायला हवा? अक्षरं किती मोठी? गोळी चुकली तर सुनेला कळवायचं का? बाबा प्रत्येकाला "चालेल" म्हणत होते. "तसंही चालेल." थोड्या वेळानं ॲपचा आराखडा जवळजवळ तयार झाला आणि बाबांचा चेहरा खिडकीशी असतो तसा झाला.

तेवढ्यात चॅटमध्ये एक ओळ आली. कालचा दिवस त्यांना सांगायला सांगा.

लिहिणारी ग्लासगोची होती, तिथल्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातली. मूळची नागपूरची. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. लिहायची मात्र सुरेख, आणि नेहमी नेमकं. ती ओळ मी वाचून दाखवू शकले असते. पण मी म्हटलं, "तुम्हीच विचारा ना. त्यांना चॅट दिसत नाही."

मग तिचा माइक सुरू झाला. "मी... मराठीत विचारलं तर चालेल का?"

बाकीच्यांची हरकत नव्हती. मी त्यांना इंग्रजीत सांगत जायचं ठरलं.

"काका, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, सांगता का?"

बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले. "उठलो. दाढी केली. चहा झाला. गोळ्या घेतल्या."

"विसरला नाहीत?"

"छे! जन्मभर लोकांना गोळ्या दिल्या. स्वतःच्या विसरेन होय?"

"मग काका, ॲप कशाला हवंय?"

बाबांनी टायची गाठ उगाच सारखी केली. "आमची ही होती ना, ती विचारायची. गोळ्या घेतल्यात का म्हणून. घेतल्यात हे तिला माहीत असायचं. तरी रोज विचारायची."

हे इंग्रजीत सांगायचं होतं. ग्लासगोची ती थांबली, माझं सांगून होऊ दिलं. वाईट वाटलं वगैरे ती काही म्हणाली नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला.

"आता कुणी विचारलेलं आवडेल तुम्हाला?"

"हिनं नको," बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला कामं असतात. माझे दोस्त आहेत. बरोबरच आलो आम्ही या देशात. आता जो तो आपापल्या घरात एकटा. फोन करावासा वाटतो, पण कुणी झोपलेलं असेल, कुणाची डॉक्टरची वेळ असेल. मग राहून जातं."

कौन्सिलवाल्याचा कॅमेरा सुरू झाला. मग आणखी दोघातिघांचे. आधीचा आराखडा कुणी खोडला तेही मला कळलं नाही. घंटी गेली, गोळ्यांची नावं गेली. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी एक साधं पान तयार केलं. सकाळी गोळ्या घेतल्या की बटण दाबायचं. आपण उठलोय आणि बोलायला मोकळे आहोत, एवढं मित्रांना दिसेल. ज्याला वाटेल त्यानं फोन करावा.

बाबांनी ते मित्रांना शिकवलं. दोघं आवडीनं वापरू लागले. स्लाऊ गावात राहणारे तिसरे मित्र मात्र उसळले. "बटण कशाला पाहिजे रे? सरळ फोन करतो मी!" आणि खरंच ते रोज सकाळी थेट फोन करू लागले. बाबांचा आवाज खालून वरच्या खोलीत ऐकू यायचा. कधी भांडल्यासारखा, कधी हसताना.

वर्गात यावर वाद झाला. हे आपलं यश की अपयश? ग्लासगोच्या विद्यार्थिनीनं शेवटच्या सादरीकरणात स्वतःच्या तोंडानं सांगितलं, इंग्रजीत. स्लाऊच्या काकांना बटण नकोच होतं, आपला मित्र फोनची वाट बघतो हे कळायला हवं होतं, आणि ते या पानामुळे त्यांना कळलं. ते पान मित्रांपैकी कुणी पुढे वापरलं नाही तरी आपलं काम झालेलं आहे. मला याहून चांगलं मांडता आलं नसतं.

नंतर मी तिला विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस?

"इथल्या पहिल्या नोकरीत मी काही बोलले की समोरचे 'सॉरी?' म्हणायचे. प्रत्येक वेळी. मग मी लिहायलाच लागले. लिहिलेलं कुणाला परत विचारावं लागत नाही."

"आणि आता?"

"आताही 'सॉरी?' म्हणतात. मी परत सांगते." मग म्हणाली, "गेल्या आठवड्यात वॉर्डात गेले होते. नर्सेसच्या मागे मागे फिरले. आमची नवी सिस्टिम त्या का वापरत नाहीत, ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. ऑफिसात बसून कधी कळलं नसतं."

दवाखान्याची ती मॅनेजर अजून आहे. विद्यार्थी आधी तिच्याशी बोलून प्रश्न विचारायला शिकतात, चुकतात, पुन्हा विचारतात. त्याला ती चांगलीच आहे. मग त्यांची गाठ बाबांशी पडते. परवा नवीन वर्ग सुरू होणार होता, तर सकाळीच बाबा वर आले. दार वाजवून म्हणाले, "या खेपेला काय मागू गं? जरा अवघड सांग. मागचे फार लवकर शहाणे झाले."