गुंडाळलेला तक्ता

नर्सिंग शिकणाऱ्या लेकीने भिंतीवर शरीराचा तक्ता लावला आणि खोलीभर मेणकापडाचा वास पसरला. शिरपूरच्या आमच्या शाळेतल्या तक्त्यांना हाच वास होता. बाई छडी टेकवायच्या आणि आम्ही मुली फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड अशी नावं घ्यायचो. गर्भाशयाचा तक्ता मात्र त्यांनी उघडलाच नाही. "हे परीक्षेला येत नाही," म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात कापूस वेचताना माझ्या परकरावर रक्त दिसलं. आता मी मरणार, म्हणून बांधावर बसून रडले. आईने पदराने माझे डोळे पुसले. "रडू नको पोरी, बठ्ठीसले व्हस." शेजारच्या ओळीतल्या बाया हसल्या.

सगळ्यांनाच होतं, या शब्दांनी तेव्हा धीर आला होता. आज तेच शब्द टोचतात. आईला होत होतं, बाईंना होत होतं, आणि एकीनेही मला आधी सांगितलं नव्हतं.