उंदीर जेवला काय?

रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उंदरांचं बघायची. हे सांगितलं की आमच्या पेणमध्ये लोक हसायचे. हसा मेल्यांनो! त्या उंदरांच्या मेंदूत मुद्दाम गाठ वाढवलेली असायची. मग काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं आणि काहींना नवं औषध. औषध म्हणजे गाठ ओळखून तिलाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी, आणि तिच्यावर बसवलेलं किरणोत्सर्गी द्रव्य. असे पिंजरे शिशाच्या विटांमागे ठेवायचे. खाणं, वजन, चालताना तोल जातो का, हे सगळं माझ्याकडे होतं.

किरणांचं कानावर आल्यापासून शेजारीण आमच्याकडे यायची बंद झाली. नारळीभाताची वाटी देऊन गेली होती, ती परत न्यायलाही आली नाही. मी छातीवरचा बिल्ला दाखवून म्हटलं, "अगो, किरण लागले तर ह्याच्यावर कळतं. नेहमी तपासतात." "व्हय व्हय," म्हणाली आणि मागे सरकली. मग मीही नाद सोडला. घरात दादा होता, तेवढं मला पुरे होतं. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. आम्ही दोघंच.

दादा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. बाकीचा रंग कुणीही देईल, डोळे त्याचेच. एक दिवस कारखान्याचे मालक घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"ताई, दादांचं काय बिनसलंय? ओळीने मूर्तींचा एकेकच डोळा आखलाय. डावा कोरा. विचारलं तर म्हणतात, झालं की!"

मला एकदम पिंजरे आठवले. गाठवाले उंदीर असेच वाटीतलं एका बाजूचं खायचे आणि दुसरी बाजू दिसतच नसल्यासारखी सोडायचे. पुढे तपासण्यांत दादाच्याही मेंदूत गाठच निघाली. डॉक्टरांनी जमेल तेवढी गाठ काढली, पण ती पुन्हा वाढणार हेही सांगितलं.

मी प्रयोगशाळेतल्या सरांकडे गेले. "माणसाला द्यायला अजून बरीच वर्षं जातील," ते म्हणाले. "उंदराला चालतं, आणि माझ्या भावाला नाही?" मी ओरडलेच. सर वाईट नव्हते. मला मात्र त्या विटा उचलून फेकाव्याशा वाटत होत्या.

घरी येऊन दादाला औषध कसं चालतं ते सांगितलं.

"म्हणजे रंग बरोबर बुबुळात, गालावर थेंब नाय," तो म्हणाला. "असा कारागीर पाहिजे!"

"तुला मिळणार नाही दादा."

"माझं ऱ्हाव दे गो. उंदराला लागू पडतंय काय, तेवढं सांगत जा."

औषध दिलेल्यांतला शेपटीवर निळी खूण असलेला एक त्याने आपला म्हणून धरला. बघितला कधीच नाही. संध्याकाळी रोह्याच्या गाडीने मी घरी पोचले की चप्पल काढायच्या आत विचारायचा, "उंदीर जेवला काय?"

"जेवला. तुझ्यापेक्षा बरा जेवतो."

"मग वाढ."

उंदीर जेवला नाही, तर ह्याचंही ताट तसंच. काय सांगू, अशा दिवशी पेण येईपर्यंत मी त्या उंदराला मनातल्या मनात शिव्या घालायची. खोटं बोलायची सोय नव्हती. माझं तोंड बघून त्याला कळायचं.

श्रावण सरता सरता दादा गेला. सुतकात गणपती कसला आणायचा? गावभर ढोल आणि आमचा पाट भिंतीला टेकून उभा. लोक ओटीवर येऊन बसले. सुतक म्हणा, किरणांची भीती म्हणा, चहा कुणीच घेतला नाही.

पुन्हा कामावर गेले तेव्हा तो निळ्या खुणेचा दोन्ही हातांत दाणा धरून खात होता. मिठाच्या पाण्यावरचे सगळे कधीच मेले होते. "मेल्या, तू बरा जगलास," म्हटलं आणि तिथेच रडले.

शेवटी नियमाप्रमाणे त्यालाही मारून मेंदू तपासायची वेळ आली. मेंदूचे काप सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मला बोलावलं. "बघा, गाठ नाही. कुठेच नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढा मिळाला.

पेणला उतरले ती पळतच. कुलूप काढता काढता सवयीने मोठ्याने बोलले, "दादा, बरा झाला रे!" मग भान आलं. इतकी एकटी मी दादा गेला तेव्हाही नव्हते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. शेजारणीची वाटी घासली, तीत पेढा ठेवला आणि तिच्या दारात गेले.

"ठेव गो थयच, पायरीवर," ती आतूनच म्हणाली. "पेढा कसला?"

"उंदीर बरा झाला."

"कुठला उंदीर?"

"दादाचा," मी म्हटलं आणि वाटी पायरीवर ठेवली.