कुंदाच्या खाडीतलं गोडं पाणी

समुद्र बघायला जाते, असं मी घरी सासूबाईंना सांगितलं. खरं तर मला कुंदाचं कसं चाललंय ते बघायचं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आम्ही दोघी एकाच बाकावर बसून एम.एस्सी. झालो, खाडीवरच्या संशोधनाच्या एकाच जागेसाठी अर्ज केला आणि जागा तिला मिळाली. मी धंतोलीतल्या एका शाळेत शिकवू लागले. ती सुट्टीत आली की खाडीबद्दल बोलत राही आणि मी चहाच्या निमित्तानं उठून जाई. जळत होते, दुसरं काय!

गणपती आटोपल्यावर निघाले. रेल्वेनं कोल्हापूर, पुढे रत्नागिरीची एस्टी. जाणार असाल तर पुढची जागा धरा आणि लिंबू जवळ ठेवा. आंबा घाटानं माझ्या दशम्या पोटात राहू दिल्या नाहीत. पण खिडकीबाहेर इतकं हिरवं होतं की तशातही बघावंसं वाटत होतं.

कुंदाची खोली बघून तर आणखीच पोटात दुखलं. हिच्या खिडकीत खाडी, माझ्या खिडकीत शेजाऱ्यांचा कूलर! खाणावळीतलं माशाचं ताट स्वस्त आणि ताजं होतं. कालवण मात्र आपल्या जिभेला फिकं लागतं, तेव्हा मिरची मागून घ्या.

जेवताना तिनं तिचं काम सांगितलं. "पावसात ओढ्यांचं गोडं पाणी हलकं राहते, ते खाऱ्यावर तरंगते. उन्हाळ्यात गोडं आटते, वारा घुसळते, मंग वरखाली सारं एकच खारं."

"मग अडलं कुठं?"

"साहेब म्हणतात, एवढ्या उथळ खाडीत थर टिकतच नाहीत. यंदाच्या पावसाळ्यात दाखव, नाही तर विषय बदल."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, साहेबांचंच खरं ठरो.

सकाळी होडीनं खाडीच्या मध्यावर गेलो. तिथं पाणी जेमतेम दोन पुरुष खोल. मी वरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं तर चक्क गोडं! मग कुंदानं वजन बांधलेली बाटली काढली. बाटलीच्या बुचाला दोर. बाटली बंदच तळापर्यंत सोडायची, तिथं दोराला हिसका द्यायचा. बूच निघतं आणि तळचं पाणी आत भरतं. ती वरच्या पाण्याचं तापमान बघत होती, म्हणून दोर माझ्या हातात दिला.

बाटली वर आली. कुंदानं थेंब जिभेवर ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. "हेही गोडंच लागून राहिलं वं!"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. संपली हिची खाडी, आता येईल परत नागपूरला!

"पुन्हा सोड बरं," ती म्हणाली आणि या वेळी माझ्या हाताकडे बघत बसली. बाटली पाण्याला टेकली आणि मी दोराला हिसका दिला. कुंदा इतकी हसली की होडी हलली.

"काहून वं, विहिरीवर पाणी भरून राहिली काय?"

तेच झालं होतं. जन्मभर विहिरीवर बादली बुडवायला तसाच हिसका देत आले होते. बूच वरच निघत होतं, बाटलीत वरचंच पाणी भरत होतं.

हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "तुले आनंद झाल्ता ना मघाशी? दिसलं मले."

"झाला," मी म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं दोर पुन्हा माझ्याच हातात दिला. "आता तळ लागू दे, मंगच हिसका."

या वेळी तळ लागेपर्यंत मी हात आवरला. पाणी वर आलं, मी चाखलं आणि थुंकले. खारट जहर! कुंदानं होडीतच मला मिठी मारली. तिची खाडी वाचली होती, आणि तीही माझ्या हातानं.

परत आल्यावर विहिरीपाशी सासूबाईंनी विचारलं, "कसा हाय समुद्र?"

"वर गोडं, खाली खारं. उन्हाळ्यात म्हणे सारं एक होते. मी पुन्हा जाईन तेव्हा."

"सारं एकच झालं तं पाहाले काय राहते?"

मी बादली आत सोडली. अजूनही जळतच होते, पण तोंडातून निघून गेलं, "कुंदाले."