नावं कोरलेली ताटं

आमच्या गल्लीमागून एक नाला वाहतो. वाहतो म्हणायचं, पण त्या काळात तो वाहत नव्हता, नुसता फुगत होता. लातुरात शिकवण्यांचा जोर वाढला तशी आमची वस्ती दर उन्हाळ्यात एकेक मजला चढत गेली. ज्याच्या घरी खोली रिकामी, त्याच्याकडे पोरं भाड्यानं. नांदेडची, मुदखेडची, देगलूरची, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेली. पोरांच्या मागोमाग मेस आल्या, झेरॉक्सची दुकानं आली आणि मग मंगल कार्यालयं आली. लग्नसराईत पंगती उठल्या की मागच्या दारातून थर्माकोलच्या ताटांचे ढीग नाल्यात जायचे. पांढरेशुभ्र ढीग, त्यावर पिवळं वरण.

एका वर्षी परतीच्या पावसात तो नाला उलटा फिरला. मी शाळेतून घरी आले तर दारात गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यावर तरंगत ती ताटं माझ्या स्वयंपाकघरात शिरलेली. एकात कुणाच्या तरी बारशातली बुंदी तशीच चिकटलेली होती. मी शाळेत मराठी शिकवते, शब्दांची मला कमी नाही. त्या दिवशी मात्र जे काय म्हणायचं ते शेजारच्या मेसवाल्या ताईंनीच म्हटलं. ते इथं लिहिता येणार नाही.

चिखल काढून झाल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. ताईंच्या मेसमध्ये पोरं स्टीलच्या ताटात जेवायची, त्यामुळं त्यांचा राग दुप्पट होता.

"मॅडम, नाला उपसून घिऊ का?" त्या म्हणाल्या.

"मागच्या साली उपसला होता की. पुन्हा भरला."

"मंग काय करावं?"

मला एकदम भूकंपातली ताटं आठवली. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे जमीन हलली, तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. किल्लारीकडच्या गावांतली माणसं शहरात येऊ लागली आणि आमच्या भागातल्या मठात अन्न शिजू लागलं. पत्रावळी एका दुपारीच संपल्या. मग घराघरांतून स्टीलची ताटं आली. आपल्याकडं ताटावर नाव कोरल्याशिवाय ते घरात येत नाही. कुणाच्या सासऱ्यांचं नाव, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, कुठं 'मामांकडून सप्रेम भेट'. ज्यांचं सगळं गाव मातीखाली गेलं होतं, ती माणसं अनोळखी नावांच्या ताटांत जेवत होती. आम्ही सुना ओळीनं बसून ती ताटं धूत होतो. उष्टं कुणाचं, हा प्रश्न त्या दिवसांत कुणाच्या तोंडी आला नाही.

"ताई," मी म्हणाले, "गल्लीची स्वतःची ताटं असली तर? ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची, वापरायची, धुऊन परत आणायची."

ताईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "माझ्याकडची जुनी ताटं हायेत. उद्याच आणते."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून प्रत्येकीला एक कापडी पिशवी दिली आणि बदल्यात एक ताट मागितलं. बायका हसल्या, पण ताटं आली. पोचे पडलेली, चकचकीत, जाड, पातळ. एका आजींनी त्यांच्या डोहाळजेवणातलं ताट आणून दिलं आणि परत मागायला आल्या, पुन्हा एकदा हात फिरवला आणि ठेवून गेल्या. आमच्या जिन्याखालची जागा ताटांनी भरली.

पण न्यायला कुणी येईना.

कारण पहिल्यांदा बोलून दाखवलं ते अडतवाल्या अण्णांनी. मोंढ्यात त्यांची धान्याची मोठी अडत, गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करंडी, बोलणं सरळ. भर चौकात त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, तुमचं चांगलं हाय. पर आठ-आठ दिस नळाला पाणी न्हाई. प्यायला घागर भरून ठिवावी लागतीय आन् तुम्ही ताटं धुवायला निघाल्या. आन् दुसऱ्याचं उष्टं कोण धुणार? कामाला बाई मिळत न्हाई."

पाण्याचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. लातुरात राहून ते खोटं कसं म्हणणार? मी घरी आले. रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "गुरुद्वारात हजारो माणसांची ताटं रोज कशी धुतली जातात, ते एकदा जाऊन बघा ना. नांदेड काय लांब आहे?"

रविवारी आम्ही गल्लीतल्या काही जणी पहिल्या एसटीनं नांदेडला गेलो. गुरुद्वारात माथा टेकला आणि लंगरमध्ये बसून जेवलो. मग पदर खोचून भांडी धुण्याच्या जागी गेलो. तिथं लांबलचक हौद, दोन्ही बाजूंना माणसं. आधी उष्टं निपटायचं, मग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. ताटांचा आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. माझ्या शेजारी एक गृहस्थ बाह्या सारून धूत होते. बोलता बोलता कळलं, ते हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि खास याच सेवेसाठी येतात. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाले, "बहेनजी, किनारा रह गया." मी ताटाची ती कड पुन्हा घासली.

येताना गाडीत ताईंनी पाण्यानं सुरकुतलेली बोटं माझ्यापुढं धरली. मग म्हणाल्या, "मॅडम, लाजच धुवून निघाली की ओ."

लाज गेली, तरी पाण्याचं कोडं होतंच. त्यावर माझं माहेर कामी आलं. देगलूरला आमचा तेलाचा घाणा होता. तेलकट भांड्यांना आई आधी पाणी लावूच द्यायची नाही. कोरड्या भुशानं पुसायची, मगच विसळायची. आम्ही लाकडाच्या वखारीतून भुसा आणला आणि माझ्या अंगणात करून पाहिलं. उष्टं टोपलीत, ती टोपली म्हशीवाल्याकडं. ताट भुशानं पुसायचं, एका टपात धुवायचं, दुसऱ्यात विसळायचं. विसळलेलं पाणी झाडांना. भुशानं तेल असं ओढून घेतलं की पहिल्या टपातलं पाणीसुद्धा फारसं गढूळ झालं नाही. ताईंनी ताट उन्हात धरलं. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

मग एका बारशाला आमची ताटं गेली. एका वास्तुशांतीला गेली. धुवायला आम्हीच जायचो. काही घरांतून टोमणे आले, "मास्तरीणबाई भांडी घासायल्यात." आम्ही घासत राहिलो.

आणि अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी आमच्याच गल्लीत शिकवणीला जाऊन डॉक्टर झालेली. लहानपणी माझ्याकडं निबंध तपासून घ्यायची. तिनं घरात सरळ सांगितलं, "अण्णा, माझ्या लग्नात थर्माकोल नको. गल्लीच्या ताटात जेवण व्हायला पाहिजे." अण्णा चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. मुलगीही बोलली नाही. शेवटी ते आमच्या दारात आले.

"लेक ऐकत न्हाई. देतो तुमच्या हवाली. पर एक पाहुणा जरी ताटासाठी खोळंबला, तर मी तिथंच थर्माकोल काढीन. गठ्ठे आणून ठिवलेत."

"ठेवा," ताई म्हणाल्या. "तुमची जागा अडल, आमचं काय जातंय?"

लग्नाच्या दिवशी ऊन रखरखीत होतं. कार्यालयाच्या मागं आम्ही टप मांडले, भुशाची पोती फोडली. पहिली पंगत उठली आणि ताटांचा लोंढा आला. दुसरीलाही पुरलो. तिसऱ्या पंगतीला मात्र उदगीरकडून वऱ्हाडाच्या आणखी गाड्या आल्या आणि आमचे हात कमी पडले. वाढपी ओरडू लागले, "ताटं! ताटं!" मी मान वर केली तर अण्णा थर्माकोलच्या गठ्ठ्याची सुतळी सोडत होते.

तेवढ्यात मागून एक उंच, धोतरातले गृहस्थ आले. डोक्यावर लाल फेटा, कपाळावर भस्म. ते मुलाचे वडील होते, अण्णांचे व्याही.

"काय चाललंय हितं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी हात न थांबवता सांगितलं. व्याह्यांनी ताटांचा ढीग पाहिला. मग त्यांनी फेटा काढून खांबाच्या खिळ्याला अडकवला, धोतराचा सोगा खोचला आणि माझ्या शेजारी पाटावर बसले. भुशाची मूठ घेतली आणि ताट पुसायला सुरुवात केली.

"व्याही, ओ व्याही! तुम्ही कशाला?" अण्णा धावत आले.

"आपण शिवाचे शरण, शरणाला कामाची कसली लाज, अण्णा? बसा की तुम्हीबी."

अण्णांच्या हातात सुतळी तशीच होती. मांडवातले लोक मागच्या दारात येऊन बघू लागले होते. अण्णांनी सुतळी खिशात घातली आणि खाली बसले. ते बसले म्हटल्यावर त्यांचे भाऊ बसले, पुतणे बसले, मोंढ्यातले व्यापारी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारून बसले. आमचे हे विसळायच्या टपावर होते, ते मला म्हणाले, "आता तू ऊठ, तुला जागा नाही." खरंच नव्हती. मी आणि ताई उभ्या राहून बघत होतो. ताट पुसता पुसता अण्णांनी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, ते त्यांच्या जुन्या शेजाऱ्याचं निघालं. मग प्रत्येक जण नावं वाचू लागला. "हे तर आमच्या आत्याचं!" "अरे, आपल्या मास्तरांचं!" तिसरी पंगत बसली, चौथी बसली. एकही पाहुणा खोळंबला नाही. नवरी हिरव्या शालूत मागच्या दाराशी आली, वडिलांना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसली, रडली, दोन्ही.

थर्माकोलचे गठ्ठे दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकानदाराला परत केले.

त्यानंतर ताटं न्यायला रांग लागली. कार्यालयवाल्यांनी आपणहून धुण्याचा ओटा बांधून दिला. उन्हाळ्यात गल्लीनं नाला उपसला; अण्णांनी मोंढ्यातले हमाल आणले, शिकवणीची पोरं आली, बायका तर होत्याच. पुढच्या पावसाळ्यात पाणी सरळ निघून गेलं. माझ्या उंबऱ्याला ते शिवलंही नाही. दुसऱ्या गल्ल्यांनी आपापली ताटं जमवली.

मग मुदखेडहून बोलावणं आलं. तिथल्या बायकांनी ताटं गोळा केली होती, पहिलंच लग्न होतं, आणि त्यांना कुणीतरी शेजारी उभं हवं होतं. मी आणि ताई भुशाचं पोतं घेऊन गेलो. सगळं मांडून दिलं, समजावून सांगितलं. काम सुरू होणार तेवढ्यात नवरीच्या आईनं आम्हा दोघींचे हात धरले आणि पहिल्या पंगतीला नेऊन बसवलं. पुढ्यात ताटं आली, धुऊन लख्ख. जेवण झाल्यावर ताई सवयीनं पदर खोचून उठल्या, तर चार बायका आडव्या झाल्या.

"बसा हो ताई, आज तुमची ताटं आम्ही धुणार."

ताई खाली बसल्या. "मंग आणखी एक जिलबी वाढा," त्या म्हणाल्या.