बापाची तिथी

"मास्तर, बाप आहे का गेला?"

नामदेवदादानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि डोणगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली होती. वळकटीसुद्धा सोडली नव्हती, तोच हा वांग्यांची टोपली घेऊन दारात उभा. गेला, म्हटलं. "कोनत्या तिथीले?" मी तारीख सांगितली. हातातलं वांगं किडकं निघावं तसं त्याचं तोंड झालं. "तारीख सरकारची असते मास्तर. मानूस तिथीले मरते."

वय तिशीच्या आसपास, अंगात बंडी, अक्षरओळख सहीपुरती. पण गावातल्या झाडून सगळ्या मेलेल्यांच्या तिथ्या त्याला तोंडपाठ होत्या. पितृपक्ष जवळ आला की बायका मळ्यात येऊन विचारत, "दादा, आमच्या सासूची कोनती?" हा वांग्याला पाणी देता देता न बघताच सांगे, "अष्टमी. अन् वड्यात मीठ कमी टाकजो, म्हातारीले खपत नव्हतं." मी त्याला चित्रगुप्ताचा कारकून म्हणायचो. "हाव, पन बिनपगारी," तो म्हणे. एका दिवसाची चूकही त्याला चालत नसे. "तिथी चुकली तं मेलेला मानूस दारात येऊन उपाशी वापस जाते," हे त्याचं नेहमीचं वाक्य.

आणि याच माणसाला स्वतःच्या बापाची तिथी ठाऊक नव्हती. बाप पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला, तेव्हा नामदेव रांगत होता. वर्षं गेली. त्या बाजूने परतलेल्या कोणीतरी 'ती तुकडी खपली' अशी खबर आणली. मग एके दिवशी टपालाने पुडकं आलं. आत चिठ्ठी नाही, नुसतं एक पदक, एका बाजूला बादशहाचं तोंड आणि कडेवर बापाचं नाव. गावानं अर्थ लावला, माणूस संपला म्हणूनच सरकारनं त्याचं नाव घरी पाठवलं. काशीमायच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, बांगड्या फुटल्या, दहावं-तेरावं झालं. पदक देव्हाऱ्यात बसलं आणि दर दसऱ्याला बादशहाच्या कपाळाला कुंकू लागू लागलं. बापाला मात्र दर साली सर्वपित्री अमावास्येला, तिथी नसलेल्यांच्या पंगतीत जेवावं लागे. नामदेवदादाला ते फार लागायचं.

त्यातून बापाचं भूत झालं होतं. ही गोष्ट तो रंगवून सांगे. बांगड्या फुटल्या त्याच्या पुढच्या शिमग्याच्या सुमाराला, दिवेलागणीला काशीमाय मळ्यात एकटी होती. कुंपणापाशी खाकी कपड्यातलं, दाढी वाढलेलं काहीतरी उभं राहिलं आणि त्यानं 'नाम्याची माय' अशी हाक मारली. तिनं किंकाळी फोडली. गाव लाठ्याकाठ्या घेऊन धावलं, शेजारचा हरिभाऊ सगळ्यांच्या पुढे. भूत नाल्याकडे पळालं. "म्या बी एक ढेकूळ हानलं," नामदेवदादा हसून सांगे, "आठ-नऊ सालाचा असन मी. पन नेम पक्का होता!" मग गंभीर होऊन म्हणे, "बाप भटकून राह्यला मास्तर. तिथी भेटली का शांत होईन."

दुसरी लढाई नुकतीच संपली होती. रजेवर आलेल्या एका शिपायानं त्याला सांगितलं, पलटण मेलेल्याचंही नाव टाकून देत नाही, सगळं कचेरीत लिहिलेलं असतं. झालं! नामदेवदादा माझ्या मागे लागला. पदकाच्या कडेवरचा नंबर मी कुंकू खरवडून वाचला आणि इंग्रजीत अर्ज लिहिला. महिने गेले. तो रोज शाळेत डोकावून विचारी, "आली का हो माह्या बापाची तिथी?"

आली ती भर दुपारी. मी कागद घेऊन त्याच्या ओसरीवर गेलो. काशीमाय मेथी निवडत बसली होती. तो हात धुऊन, टोपी घालून समोर बसला. मी आधी त्याला हवं तेच शोधलं. पुण्याच्या छावणीतल्या लष्करी दवाखान्यात न्यूमोनियानं मृत्यू. तारीख सांगितली. त्याचा चेहरा उजळला. "अन् साल?"

साल वाचलं आणि मीच चमकलो. बांगड्या फुटल्या त्याच्या दोन वर्षं नंतरचं साल होतं ते.

"तुमी चुकले असान," तो म्हणाला. मी पुन्हा वाचलं, मग वरच्या ओळी वाचल्या. तिथंच थांबायला हवं होतं, पण तोंडातून शब्द निघून गेले. लढाई संपल्यावरही बाप पलटणीतच होता. पदक जिवंत माणसालाही मिळतं; लिहिता येत नसल्यानं त्यानंच ते खुशालीदाखल घरी धाडलं असणार. मग एकदाच रजा. दोन महिने, घरी जाण्यासाठी, रेल्वेचा पास शेगावपर्यंत. महिना मार्च. ती रजा अर्धीच टाकून तो परत हजर झाला होता, आणि हजर झाल्यावर त्यानं वारसाचं नाव बदलून घेतलं होतं. आधी तिथं बायकोचं नाव होतं. त्यावर काट मारून लिहिलं होतं, कोणी नाही.

शिमगा मार्चात येतो हे कळायला पंचांग लागत नाही.

नामदेवदादानं डोक्यावरची टोपी काढली. मग अगदी हळू म्हणाला, "मास्तर, ढेकूळ लागल्याचा आवाज आला होता मले. भुताले कसं लागन?"

काशीमायच्या हातातली मेथीची काडी तशीच होती. "भुताचे पाय उलटे असतात म्हन्तात," ती स्वतःशीच म्हणाली. "मी पायच नाई पाह्यले रे बापा. पायच नाई पाह्यले."

मेहकरच्या जोशांनी जुनं पंचांग काढून तिथी सांगितली, षष्ठी. त्या पितृपक्षात बापाला पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या दिवशी पान वाढलं गेलं. नामदेवदादानं इतकी वर्षं त्या दिवसाची वाट पाहिली होती. पण तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देत राहिला आणि पान काशीमायनंच वाढलं.

त्याच हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती लेकाला सांगत होती, "माही तिथी येगळी धरू नको. त्यायच्याच दिवशी मलेबी बोलाव. यावक्ती मी त्यायले घरात घेऊन येईन." ती गेली त्या दिवशी एकादशी होती, देवळात भजन चालू होतं. तिला खांदा देणाऱ्यांत मी होतो आणि म्हातारा हरिभाऊही होता.

पुढच्या भाद्रपदात मी मळ्यात वांगी घेत होतो. हरिभाऊ काठी टेकत आला. शेजारधर्म म्हणून काशीमायच्या पानाला शिधा द्यायचा होता त्याला. "नामदेवा, तुह्या मायची तिथी कोनती रे?"

नामदेवदादा वांगी तोडायचा थांबला नाही. "षष्ठी," तो म्हणाला.

आयुष्यात त्यानं चुकीची सांगितलेली ही एकच तिथी. हरिभाऊनं माझ्याकडे पाहिलं, मी टोपलीकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "हाव. षष्ठीच होती," आणि घराकडे वळला.