वरची खाट

नातवाला सांभाळायला परदेशी आलेल्या मावशींनी शनिवारी, बागेत ओळख झालेल्या दुसऱ्या आजीबरोबर सगळ्यात स्वस्तातली बस पकडून समुद्र गाठला. मुक्कामाला अनोळखी पोरींबरोबर, एकावर एक अशा आठ खाटांची खोली मिळाली. रविवारी सकाळी मावशी सवयीने बाहेर गेलेल्या पोरींचीही अंथरुणं आवरू लागल्या.

"अहो, फिरायला आलोय की कामाला?" मैत्रीण म्हणाली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, आत्ताच्या आत्ता परत ये. बाळाला कोण बघणार?"

"त्याचा बाप घरी आहे ना?"

"मला नाही जमत गं."

"तुझ्या वेळी मलाही जमत नव्हतं. शिकले. संध्याकाळी येईन."

हातातली परकी चादर टाकून मावशी शिडीवरून पुन्हा वरच्या खाटेवर चढल्या.

"पडाल हं."

"पडू दे. घरी तेवढीही सवड नव्हती."